चुलीपासून उलटं चालत या: जुन्या गॅसलाइनमध्ये हायड्रोजन सोडण्याआधी

"मॅडम, आपल्या लाइनमध्ये किती टक्के हायड्रोजन चालेल?" हा प्रश्न मला कुणी चाकणच्या साइटवरून फोन करून विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून. पाइपगॅस जाळल्यावर निघणारा कार्बन थोडा कमी व्हावा म्हणून त्यात हायड्रोजन मिसळायची कल्पना आहे, त्याबद्दलचा हा प्रश्न. मी धातुशास्त्राची. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडल्यापासून गॅसच्या स्टील लाइनचे वेल्ड तपासायचे आणि जुन्या लाइनची तब्येत बघायची, हेच काम केलं. त्यामुळे माझ्याकडून एका आकड्याची अपेक्षा असते. मी उलट विचारते, "त्या लाइनच्या शेवटी कोण बसलंय?"

शहरातली गॅसलाइन ही एकच नळी नसते. स्टीलची मुख्य लाइन ४९ बारपर्यंतच्या दाबाची. तिथून डीआरएस, म्हणजे दाब उतरवणारं स्टेशन. पुढे रस्त्याखालून जाणारा पिवळा एमडीपीई, म्हणजे पॉलिथिलीन प्लास्टिकचा पाइप, ४ बारचा. सोसायटीच्या दारात १०० मिलिबार आणि शेगडीपाशी अवघा २१ मिलिबार. मध्येच कुठेतरी सीएनजी पंप, भोसरीतली एखादी भट्टी, हॉटेलचं स्वयंपाकघर. यातलं जे सगळ्यात नाजूक असेल ते टक्केवारी ठरवतं. म्हणून माझी पद्धत अशी, की हायड्रोजन जिथून सोडायचा तिथून सुरुवात करायची नाही. चुलीपासून उलटं चालत यायचं आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला विचारायचं, तुला किती झेपेल?

आपल्याकडे हे काम सुरू झालेलं आहे. गेल या सरकारी गॅस कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये इंदूरला सुरुवात केली. सुरतजवळ कावासला एनटीपीसीच्या वसाहतीतल्या घरांना जानेवारी २०२३ पासून मिश्रण मिळू लागलं. तिथे पीएनजीआरबीने, म्हणजे गॅसच्या नियामक मंडळाने, आधी ५ टक्क्यांना मंजुरी दिली आणि पुढे टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत जायचं ठरलं. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठाच्या आवारात २०१९ ते २०२१ या काळात १०० घरं आणि ३० इमारतींना २० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन दिला गेला. हे दाखले हुरूप देतात. पण कावास आणि कील, दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती: जाळं छोटं होतं आणि शेवटचा बर्नर कुठे आहे हे ठाऊक होतं. कीलला तर प्रत्येक घरात आधी माणूस जाऊन आला होता. तुमच्या कागदावर २० लिहिलं जाण्याआधी तेवढं झालं पाहिजे.

शेगडी आणि गीझर

हायड्रोजनची ज्योत मिथेनच्या सहा-सातपट वेगाने धावते. गॅस बर्नरच्या भोकातून बाहेर येतो त्या वेगापेक्षा ज्योतीचा वेग वाढला, तर ती भोकातून मागे शिरते. फिटर याला बॅकफायर म्हणतात. 'फट्' असा आवाज येतो आणि ज्योत जेटपाशी, म्हणजे गॅस जिथून आत येतो त्या बारीक भोकापाशी, जळत राहते. चांगल्या बर्नरला ५ टक्क्यांत फरक जाणवत नाही. आपल्याकडची अडचण अशी, की सिलिंडरची शेगडी पाइपगॅससाठी बदलून घेतलेली असते. काही जेट बदललेले, काही जागेवरच भोक मोठं करून दिलेले. पितळी बर्नरची टोपी वर्षानुवर्षांच्या दुधाच्या उताने झिजलेली, किंचित वाकडी. अशी टोपी नीट बसत नाही आणि कडेला फट राहते.

म्हणून निवडलेल्या जाळ्यातल्या प्रत्येक घरात जा. नमुन्याला दहा घरं बघून थांबू नका. बर्नर दहा मिनिटं मोठा ठेवून तापवा, एकदम सिमवर आणा, मग झटकन बंद करा. साध्या गॅसवरसुद्धा 'फट्' झालं, तर ती टोपी बदलल्याशिवाय ते घर मिश्रणावर घेऊ नका. बंद करताना ज्योत मागे शिरण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, त्यामुळे नुसती पेटती ज्योत बघून समाधान मानू नये.

पुण्यात बाथरूममधले गॅस गीझर पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे मी शेगडीपेक्षा जास्त वेळ देते. मिश्रणात कार्बन कमी असल्यामुळे जळणं थोडं स्वच्छच होतं, ती चिंता नाही. चिंता बंद खिडकीची आहे. गीझरला बाहेर जाणारी नळी आणि बाथरूमला वर-खाली दोन्हीकडे झरोका नसेल, तर तो गीझर आज, साध्या गॅसवरही, तिथे असता कामा नये. हायड्रोजनच्या निमित्ताने घरात पाऊल पडलंय, तर हे काम करूनच बाहेर या.

आणि झाकलेली पाइपलाइन. सदाशिव पेठेत माझ्या आईच्या घरी वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा हौसेने केलेल्या ट्रॉलीच्या मागे कारागिराने गॅसचा पाइप आणि त्यावरचे दोन जॉइंट पूर्ण बंद करून टाकले होते. मी ती फळी काढायला लावली. आई दोन दिवस बोलली नाही. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, त्यामुळे गळती झाली तर मिश्रण छताकडे जातं आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीत साठतं. पाइप झाकलेला नसावा, जॉइंट दिसता असावा आणि झरोका छताजवळ असावा, एवढं प्रत्येक घरात करून घ्या.

बिल

हा भाग बरेच इंजिनिअर ओलांडून पुढे जातात, म्हणून सांगते. एक घनमीटर हायड्रोजनमध्ये मिथेनच्या साधारण एक तृतीयांश उष्णता असते. ५ टक्के मिसळलं की घनमीटरमागे उष्णता साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, २० टक्क्यांना सुमारे १४ टक्के. घरचं मीटर मात्र घनमीटरच मोजतं. कुकरच्या तेवढ्याच शिट्ट्यांना जास्त युनिट पडणार. दर उष्णतेच्या हिशोबाने लावायची सोय पहिल्या दिवसापासून असू द्या. लोकांना आधी सांगा, लेखी सांगा. ज्या घरांमध्ये आपण प्रयोग करतो, त्यांच्याकडून न मिळालेल्या उष्णतेचे पैसे घेणं बरोबर नाही.

हीच आकडेमोड पर्यावरणाच्या दाव्यालाही लावा. २० टक्के हायड्रोजन म्हणजे कार्बन डायऑक्साइडमध्ये २० टक्के घट नव्हे. तेवढ्याच उष्णतेमागे ती सुमारे ७ टक्के भरते.

उष्मांक मोजणारं गॅस क्रोमॅटोग्राफ तुमच्याकडे असेल, तर त्यात वाहक वायू कोणता ते बघा. नेहमीच्या यंत्रात हेलियम असतो. हेलियम आणि हायड्रोजन यांची उष्णता वाहून नेण्याची क्षमता इतकी जवळची, की यंत्राला हायड्रोजन धड दिसत नाही. आर्गॉनवर चालणारा वेगळा कॉलम लागतो. तो नसेल तर पडद्यावरचा आकडा सुंदर दिसेल आणि चुकीचा असेल.

रिक्षाची टाकी

पुण्यात टक्केवारी कशाने अडते, तर रिक्षाने. स्वयंपाकघराचा नंबर त्यानंतर लागतो. सीएनजी २०० बारला भरला जातो. त्यात ५ टक्के हायड्रोजन असेल, तर टाकीच्या पोलादावर एकट्या हायड्रोजनचा दाब १० बार. पोलाद जितकं जास्त ताकदीचं, तितकं ते हायड्रोजनपुढे ठिसूळ पडतं. टाकी रोज भरते, रोज रिकामी होते, म्हणजे तिच्यावरचा ताण रोज वर-खाली होतो. आयएसओ ११४३९ या मानकात ९५० मेगापास्कलपेक्षा जास्त ताणशक्तीच्या पोलादी टाक्यांसाठी हायड्रोजनची मर्यादा २ टक्के आहे. कुठल्या रिक्षाखाली कुठली टाकी आहे, तिची तीन वर्षांची तपासणी वेळेवर झाली का, हे पंपावरचा मुलगा कसं सांगणार? दिल्लीत २०२० मध्ये राजघाट आगारात १८ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन असलेला एचसीएनजी बसमध्ये वापरून पाहिला, पण तो ठरावीक गाड्यांना, ठरावीक जागी. रांगेतल्या कुठल्याही रिक्षाला नाही.

यातून वाट निघते ती जाळ्याच्या रचनेतूनच. मोठे सीएनजी पंप बहुधा स्टीलच्या लाइनवरून गॅस घेतात आणि घरं डीआरएसच्या पुढे असतात. हायड्रोजन डीआरएसच्या पुढे, ४ बारच्या एमडीपीईत सोडला, की एका निर्णयात रिक्षाही सुटते आणि जास्त दाबाचं स्टीलही. फक्त दोन गोष्टी जागेवर जाऊन पक्क्या करा. एक, ते एमडीपीई जाळं दुसऱ्या डीआरएसच्या जाळ्याशी रिंगने जोडलेलं आहे का. असेल तर मधला व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावा आणि तो खरोखर बंद होतो का ते दोन्ही बाजूंचा दाब लावून बघा. नकाशावर बंद दाखवलेले व्हॉल्व्ह मी उघडे पाहिले आहेत. दोन, त्याच पिवळ्या पाइपवर एखादं जनरेटरचं गॅस इंजिन किंवा भट्टी आहे का. हायड्रोजनने इंजिनात नॉकिंग, म्हणजे ठोके पडणं, वाढतं. अशा ग्राहकाच्या यंत्राच्या उत्पादकाकडून लेखी मर्यादा मागवा आणि उत्तर येईपर्यंत त्याला जाळ्याबाहेर ठेवा.

पिवळा पाइप

पॉलिथिलीनला ठिसूळपणाचा हा त्रास नाही. पाइपच्या भिंतीतून हायड्रोजन मिथेनच्या चार-पाचपट झिरपतो हे खरं, पण मुळात ते प्रमाण इतकं कमी, की सुरक्षिततेच्या दृष्टीने फरक पडत नाही. लक्ष द्या ते स्टील-प्लास्टिक जोडणीकडे, जुन्या क्लॅम्पकडे आणि इमारतीवर चढणाऱ्या रायझरच्या आट्यांच्या जॉइंटकडे. जो जॉइंट साध्या गॅसला घट्ट आहे, तो सहसा मिश्रणालाही घट्ट निघतो. जो आधीच पाझरतोय, तो थोडा जास्त पाझरेल. म्हणून गळतीची पूर्ण पाहणी आधी साध्या गॅसवर करून शून्यावर आणा.

बाकी पिवळ्या पाइपचा शत्रू म्हणजे जेसीबी, आणि भाद्रपदात मंडपाचे खड्डे. पेठांमध्ये घराकडे जाणारी जोडणी मुख्य पाइपइतकी खोल नसते. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मंडळांच्या कार्यकर्त्यांना भेटा, रस्त्यावर रंगाने खुणा करून द्या. ही मुलं ऐकतात, त्यांना वेळेवर कुणी सांगायला हवं.

स्टीलची लाइन, जर तिला हात लावायचाच असेल

पुढेमागे मागणी येणारच, की मुख्य लाइनमधूनच न्या. मग घाई करू नका.

आत काय होतं ते समजून घ्या. हायड्रोजनचा रेणू धड, ऑक्साइडचा पातळ थर असलेल्या पोलादावरून घसरून जातो. पण जिथे चीर आहे आणि चिरेच्या टोकाला ताजं, उघडं पोलाद आहे, तिथे रेणूचे दोन अणू सुटे होतात. अणू इतका लहान, की तो पोलादाच्या जाळीत शिरतो आणि जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथे म्हणजे चिरेच्या टोकाशीच गोळा होतो. दाब वर-खाली झाला की चीर पुढे सरकते. हायड्रोजनमध्ये हा वेग दहापट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. यातला बराचसा परिणाम थोड्या हायड्रोजनमध्येही दिसतो. अर्धा हायड्रोजन म्हणजे अर्धा धोका, असं इथे चालत नाही. टक्केवारीइतकाच दाब महत्त्वाचा: ४९ बारच्या लाइनमध्ये १० टक्के म्हणजे हायड्रोजनचा दाब ४.९ बार, ४ बारच्या लाइनमध्ये तेच ०.४.

पहिलं काम गोदामात. पाइपचं मिल सर्टिफिकेट, वेल्ड बुक, एक्स-रेच्या फिल्म, दुरुस्तीच्या नोंदी. एक्स ४२, एक्स ५२ हे पोलादाचे मवाळ दर्जे हायड्रोजनला बरे सोसतात. एक्स ७०, एक्स ८० ला जास्त जपावं लागतं. ज्या तुकड्याचा कागद सापडत नाही, त्याला वाईट समजून चाला, नाहीतर नमुना कापून प्रयोगशाळेत पाठवा.

दुसरं काम खड्ड्यात, आणि याबद्दल मला मनापासून सांगायचंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत आम्ही जुन्या लाइनवर खड्डा घेतला. दुरुस्तीचा एक वेल्ड होता, दिसायला देखणा, एक्स-रेत निर्दोष. मी शेजारच्या पट्ट्यात कठीणपणा मोजला: ३१० विकर्स. बाजूच्या वेल्डना दोनशेच्या आसपास. नोंदवहीत तारीख जुलैची निघाली. भर पावसात, प्रीहीट न देता, म्हणजे पाइप आधी न तापवता, घाईने मारलेला वेल्ड. ओल्या थंड पाइपवर तो झटकन निवला आणि कडक झाला. साध्या गॅसवर त्याने कधीच त्रास दिला नसता. हायड्रोजनला मात्र असाच पट्टा आवडतो. २५० विकर्सच्या वर गेलं की माझी झोप उडते. तो वेल्ड आम्ही कापून काढला. तेव्हापासून कुठल्याही जुन्या लाइनच्या वेल्ड बुकमध्ये मी आधी जून ते सप्टेंबरची पानं उघडते आणि खड्ड्यांच्या जागा त्यातून निवडते. तुम्हीही तसंच करा. आणि मोजताना बॉल आपटून उसळी मोजणारं यंत्र पातळ भिंतीच्या पाइपवर वापरू नका, भिंत थरथरते आणि आकडा कमी येतो. अल्ट्रासॉनिक स्पर्शाचं यंत्र मागवा.

तिसरं, कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे गंज रोखायला पाइपला दिलेला विजेचा दाब. उणे ८५० मिलिव्होल्टपर्यंत पोचलो की सगळे खूश असतात, आणि जास्त म्हणजे जास्त सुरक्षित असं समजून ती वीज पुरवणारा रेक्टिफायर वाढवून ठेवतात. उणे १२०० च्या पलीकडे गेलं की पाइपच्या बाहेरच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होऊ लागतो. म्हणजे आतून एक आणि बाहेरून एक. ते आधी खाली आणा. शहरातल्या बऱ्याच लाइनमधून पिग, म्हणजे पाइप आतून तपासत जाणारं यंत्र, जाऊ शकत नाही, त्यामुळे कोटिंगची पाहणी आणि थेट खड्डे यांवरच भिस्त राहते. दाबाचे चढउतार कमी करा. रोज रात्री लाइन फुगवून सकाळी उतरवायची सवय असेल तर ती सोडा. उरलेलं आयुष्य काढायला हायड्रोजनच्या पाइपसाठीच्या एएसएमई बी ३१.१२ या मानकाची रीत वापरा आणि त्याचं गणित दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या.

हायड्रोजन सोडायची जागा

आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून हिशोब. ५०० घरांची सोसायटी, घरटी महिन्याला १३-१४ घनमीटर, म्हणजे दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास. त्यात ५ टक्के म्हणजे १२ घनमीटर हायड्रोजन, वजनाने जेमतेम एक किलो. दीडशे बारचे दोन सिलिंडर. इलेक्ट्रोलायझरवर, म्हणजे विजेने पाणी फोडून, केला तर ५० ते ५५ युनिट वीज. प्रमाण एवढंसं आहे, आणि त्यामुळेच फसगत होते: छोट्या प्रवाहात छोटी चूकसुद्धा टक्केवारी उडवून देते.

पुण्यातली घरं पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ गॅस ओढतात. रात्री दोनला प्रवाह जवळजवळ थांबतो. त्या वेळी हायड्रोजनचा व्हॉल्व्ह किंचित जरी पाझरत राहिला, तर पहाटे पहिल्या चहाला निघणारा गॅस ५ टक्क्यांचा नसेल, ४० चाही असू शकेल. म्हणून हायड्रोजन गॅसच्या प्रवाहाच्या प्रमाणातच सोडा आणि किमान प्रवाहाखाली पूर्ण बंद करा. बंद म्हणजे एकामागे एक दोन व्हॉल्व्ह आणि मधली जागा बाहेर सोडणारी नळी. एका व्हॉल्व्हवर विश्वास नको. वीज गेली, हवा गेली, सिग्नल गेला तरी व्हॉल्व्ह आपोआप मिटले पाहिजेत. उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लावा. पुढे स्थिर मिक्सर, आणि त्याच्या पुढे हायड्रोजन मोजणारा विश्लेषक, ज्याचा आकडा मर्यादेपलीकडे गेला की सोडणं थांबतं. एकदा नीट मिसळलेले वायू पाइपमध्ये पुन्हा वेगळे होत नाहीत. नीट मिसळलेच नाहीत तर मात्र मंद प्रवाहात लांबपर्यंत थराथराने जातात.

स्किडवर, म्हणजे ही सगळी जोडणी बसवलेल्या चौकटीवर, शुद्ध हायड्रोजन आहे, त्यामुळे तिथली विजेची उपकरणं हायड्रोजनसाठीच्या स्फोटरोधक आयआयसी गटाचीच लागतात; डीआरएसमधली जुनी उचलून लावू नका. हायड्रोजन पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, मिथेनच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत तो पेटतो. अर्थिंग हवं, सुती कपडे हवेत, आणि वर गॅस कोंडेल असं छत नको. साठ्यासाठी पेसो या स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची आणि मिश्रणासाठी पीएनजीआरबीची मंजुरी हातात आल्याशिवाय सिलिंडर आवारात आणू नका. लाइन भरताना किंवा रिकामी करताना हवा आणि गॅस यांच्या मध्ये नेहमी नायट्रोजन.

गळती शोधणारी यंत्रं

भोसरीत एका चाचणीच्या जागी शुद्ध हायड्रोजनच्या जोडणीला साबणाचे फुगे येत होते. शेजारी उभ्या मुलाने हातातलं लेझरचं यंत्र रोखलं आणि म्हणाला, "मॅडम, शून्य आहे." यंत्र चांगलं होतं. ते मिथेन बघतं, त्याला हायड्रोजन दिसतच नाही. इन्फ्रारेडचंही तेच, आणि ज्योतीवर चालणारं एफआयडी कार्बनच शोधतं. मिश्रणात यांना मिथेनचा वाटा दिसेल, पण स्किडवर ही यंत्रं आंधळी. तिथे हायड्रोजनचे वेगळे सेन्सर लावा. उत्प्रेरकावर चालणारी यंत्रं दोन्ही ओळखतात, पण तुमच्या मिश्रणावर पुन्हा कॅलिब्रेट करून घ्या. आणखी एक: कार्बन मोनॉक्साइडचे बरेच सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतात. गीझरच्या तक्रारीवर गेलेल्या माणसाला हे माहीत नसेल, तर तो भलतंच निदान करून येईल. वासाचं रसायन हायड्रोजनच्या वाट्यालाही पुरेल एवढं ठेवा आणि सगळ्यात लांबच्या टोकाला प्रत्यक्ष नाकाने तपासा.

रात्रपाळीच्या पथकाला दोन वाक्यं पाठ हवीत. मिश्रण पेटलं तर आधी गॅस बंद करा. ज्योत विझवून गॅस तसाच सोडू नका, तो साठून स्फोट होतो. आणि स्किडजवळ उन्हात शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिसत नाही, म्हणून थर्मल कॅमेऱ्याने बघितल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. कॅमेरा नव्हता तेव्हा जुने लोक केरसुणी लांब पुढे धरून चालत; तिचं टोक पेटलं की थांबायचं.

सुरुवात २ टक्क्यांनी करा. आठवडाभर तिथेच थांबा, गळतीची पाहणी पुन्हा करा, मग ५. पहिल्या रात्री स्किडवर स्वतः बसा. आणि सकाळी साडेसहाला, घरोघरी चहाचं आधण चढलेलं असताना, जाळ्याच्या सगळ्यात लांबच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि त्या शेगडीपाशी गॅसचा पहिला नमुना घ्या.